पहिल्या फेरीला कॅमेरा नको

तुला अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा वाचला. मालवणच्या किनाऱ्यावरील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळे ओढून केलेल्या मासेमारीवर, वीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे, पण तो परंपरेवर करावा की पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौकांशी चाललेल्या संघर्षावर, येथे तू अडली आहेस. हे घरी बसून ठरणार नाही. चोवीस दृश्यांची यादी तू एकही रापण न पाहता केलीस, हे मात्र मला खटकले. पहिल्या फेरीला कॅमेरा नेऊ नकोस.

मी नेला होता. होडीने अर्धवर्तुळात जाळे सोडले, माणसांनी दोन्ही टोकांचे दोर ओढले, पुळणीवर तारली चमकली आणि मी चित्रीकरण थांबवले. त्यानंतर झालेली वाटणी, म्हणजे होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा आणि नुसता दोराला हात लावून गेलेल्या म्हातारीचे चार मासे, हे सारे मी चहा पीत पाहिले. रापणीचा जीव त्या वाटणीत आहे, हे मला संकलनाला बसल्यावर उमगले. पुढच्या हंगामात परत गेलो, तेव्हा तो हिशेब तोंडी सांगणारे काका हयात नव्हते. ती उणीव मला अजून बोचते.

कागदपत्रे घरी वाचता येतात, ती आधीच वाच: महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि पर्ससीनवर निर्बंध घालणारा फेब्रुवारी २०१६ चा आदेश. थव्याभोवती जाळे फिरवून ते खालून आवळले, की तो थवा किनाऱ्याकडे येत नाही; म्हणून तुझे दोन विषय मुळात वेगळे नाहीतच. पण हे तुला दोर ओढणाऱ्याच्या तोंडून ऐकायचे आहे, आणि समोर कॅमेरा दिसला की माणूस वर्तमानपत्रात छापून आलेलेच बोलतो. पर्ससीनवरच्या खलाशालाही भेट, तेही रिकाम्या हातांनी.

चार दिवसांचे वेळापत्रक रद्द कर. मासा तुझ्या तारखा पाळत नाही. अमावास्या ते पौर्णिमा असा पंधरवडा तरी राहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, पंचमीला पावणेचार. दुपारचा वारा आवाज खातो, म्हणून ओढताना दिलेल्या हाका सकाळीच ध्वनिमुद्रित कर, पण दुसऱ्या फेरीत.

संहिता आधी लिहून देईना, म्हणून एका संस्थेने माझे अनुदान काढून घेतले. माझे चित्रपट मोजकेच झाले आणि मला संथ म्हणणारे पुष्कळ भेटले. तरीही माझे चुकले, असे मला वाटत नाही. न पाहिलेल्या गोष्टीची संहिता मी कशी लिहिणार होतो?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमा होऊ दे, मग वही खिशात ठेवून जा आणि दोराला हात लाव. वाटणीत तुझ्या हातावर कोणी चार बांगडे ठेवले, तर नको म्हणू नकोस. ते कोणत्या हिशेबात बसले, हे विचारून घे आणि मला कळव.