आधी सही की आधी चेक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात आरए बिलं (चालू कामाची रनिंग बिलं) केलीत, आता सॅन होजेजवळ एका ड्रायवॉल (जिप्सम बोर्डच्या भिंती) सबकॉन्ट्रॅक्टरकडे बिलिंग बघताय, आणि जनरल कॉन्ट्रॅक्टरच्या (जीसी, म्हणजे मुख्य कंत्राटदार) ऑफिसातून मेल आलाय की या महिन्याचा अनकंडिशनल वेव्हर सही करून पाठवा, चेक शुक्रवारी निघेल. पाठवू का?

नका पाठवू.

आपल्याकडे फायनल बिलाच्या वेळी 'नो क्लेम सर्टिफिकेट' घेतात, तसलंच काहीतरी असेल असं मलाही आधी वाटलं होतं. पण कॅलिफोर्नियात पैसे थकले तर सब थेट मालकाच्या जागेवर मेकॅनिक्स लीन (थकलेल्या पैशांचा बोजा) चढवू शकतो, हा हक्क राज्याच्या घटनेतच आहे. वेव्हर म्हणजे तो हक्क सोडल्याचा कागद. मालक आणि त्याची बँक त्यासाठी अडून बसतात, कारण जीसीने पैसे मधेच जिरवले तर मालकाला त्याच कामाचे दोनदा मोजावे लागू शकतात.

फॉर्म चारच, मजकूर सिव्हिल कोडमध्येच ठरवून दिलेला. चालू बिलासाठी कलम 8132 कंडिशनल, 8134 अनकंडिशनल. फायनलसाठी त्याच क्रमाने 8136 आणि 8138. कंडिशनल चेक वटल्यावरच लागू होतो. अनकंडिशनलवर तर वरच लिहिलेलं असतं की पैसे मिळाले नसले तरी सही तुम्हाला बांधून ठेवेल. मी एकदा 'चेक उद्या निघतोय' या फोनवर 8134 वर सही घेऊन पाठवून दिला. चेक सात आठवड्यांनी आला, तोही आमच्या कंपनीचे मालक जीसीच्या ऑफिसात जाऊन बसले तेव्हा.

पण भांडायच्या आधी एक फोन करा. पुष्कळदा त्यांना हवा असतो मागच्या, म्हणजे पैसे जमा झालेल्या बिलाचा अनकंडिशनल आणि या बिलाचा कंडिशनल. ही मागणी रास्तच आहे. मेल लिहिणाऱ्याने दोन्ही एका वाक्यात कोंबलेलं असतं.

खरी मेख 'थ्रू डेट'मध्ये आहे, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या कामावरचा हक्क सोडताय ती तारीख. रकमेवर सगळ्यांचं लक्ष असतं, तारखेवर कुणाचंच नाही. बिल 25 तारखेपर्यंतच्या कामाचं आणि वेव्हरवर 31, तर मधल्या सहा दिवसांच्या कामावरचा हक्क फुकट गेला. जी702 वर (बिलाचा छापील फॉर्म) 'पीरियड टू' जी आहे, तीच तारीख वेव्हरवर, आणि रक्कम रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेले पैसे) वजा जाऊन जो चेक येणार तीच. मागचा एखादा कंडिशनल दिलाय पण पैसे अजून आलेले नाहीत, तर त्याची तारीख आणि रक्कम या कंडिशनलच्या एक्सेप्शन्समध्ये (अपवादांच्या जागेत) लिहा. ती जागा बहुतेक जण कोरी सोडतात.

सप्लायरचे वेव्हर हा वेगळाच ताप. ज्याने ज्याने प्रिलिमिनरी नोटीस (मी या कामावर आहे, असं आधीच कळवणारा कागद) पाठवलीय, त्या प्रत्येकाचा कागद जीसी मागणार. जिप्समवाला म्हणतो आधी पैसे द्या, तुम्ही म्हणता वरून आले की देतो. तिथे दोघांच्या नावाचा जॉइंट चेक मागा. आमच्याकडे निम्मी भांडणं त्यानेच मिटली.

मी एक साधी एक्सेल ठेवते: कोणाचा वेव्हर, कुठला प्रकार, थ्रू डेट, रक्कम, चेक नंबर, आणि शेवटी चेक बँकेत वटल्याची तारीख. हा शेवटचा रकाना भरल्याशिवाय 8134 छापायचाच नाही. चेक नुसता हातात आला म्हणून नाही.

तुमची स्वतःची प्रिलिमिनरी नोटीस गेलीय का, तेही आजच बघा. काम सुरू झाल्यापासून 20 दिवसांत जायला हवी. उशिरा गेली तर नोटिशीच्या आधीच्या 20 दिवसांपासून पुढचंच काम धरलं जातं. आणि मालकाने नोटीस ऑफ कम्प्लीशन (काम पूर्ण झाल्याची नोटीस) नोंदवली की सबला लीनसाठी 30 दिवसच उरतात, एरवी 90.

जीसीने पाठवलेल्या फॉर्मवर कलम नंबर कुठला आहे ते कळवा. स्वतःचाच मजकूर छापला असेल तर तोही इथे टाका, नावं खोडून.