दाझाईनंतर लगेच इतो नको

इतोची मांगा (जपानी चित्रकथा) वाचून चिडलास ना? मीही चिडलो होतो. जपानी लेखक ओसामू दाझाईची 'नो लाँगर ह्यूमन' ही कादंबरी (१९४८) डोक्यात मुरलेली असताना तिच्यावरचीच जुंजी इतोची मांगा हातात घेतली की असं होणारच. शाळेत व्यायामाच्या तासाला नायक योझो सगळ्यांना हसवायला मुद्दाम पडतो आणि वर्गातला ताकेइची मागून हळूच म्हणतो, 'मुद्दाम. मुद्दाम.' कादंबरीत तेवढ्यानेच अंगावर काटा येतो. इतो मात्र त्या पोराला गळफास घ्यायला लावतो, वर त्याचं भूत योझोच्या मानगुटीवर बसवतो. अरे, कशाला!

पण इतो पडला भयकथावाला. मूळ पुस्तक म्हणजे योझोच्या वह्यांमधलं स्वगत. आतली लाज चित्रात आणायची तर ती चेहऱ्यावर काढावीच लागते. म्हणून दोन्ही लागोपाठ वाचू नकोस, मध्ये महिनाभर जाऊ दे. मग संवादाचे फुगे सोडून नुसते डोळे बघत जा. आणि हो, पानं उजवीकडून डावीकडे. (पहिली मांगा मी उलटीच वाचली होती, कुणाला सांगू नकोस.) शेवटाकडे खुद्द दाझाईच पात्र म्हणून येतो, ते मला अजून पटलेलं नाही. तिथे खुशाल शिव्या घाल.