वाचकांच्या शंका : पडद्यावरचे रोमन गुलाम

गेल्या अंकात ‘बेन-हर’ (१९५९), ‘स्पार्टाकस’ (१९६०) आणि ‘ग्लॅडिएटर’ (२०००) या तीन भव्य चित्रपटांतील रोमवर लेख आला होता. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे देत आहे. दोन पत्रांचे अक्षर काही केल्या लागले नाही. त्या वाचकांनी कृपया पुन्हा लिहावे.

‘स्पार्टाकस’च्या शेवटी रोमन अधिकारी कैद्यांना विचारतो, तुमच्यातला स्पार्टाकस कोण? तेव्हा एकेक कैदी उठून ‘मीच स्पार्टाकस’ म्हणतो. हे खरोखर घडले होते काय? गुलामगिरी नष्ट करणे हेच त्याचे ध्येय होते काय? मला तर आपल्या प्रतिसरकारची आठवण झाली.
— निवृत्त इतिहास शिक्षक, सांगली

हा प्रसंग घडलेला नाही आणि घडणे शक्यही नव्हते, कारण अखेरच्या लढाईतून स्पार्टाकस जिवंत परतलाच नाही. इ.स.पूर्व ७३ मध्ये इटलीतील कापुआ येथील ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे प्रेक्षकांपुढे झुंजवल्या जाणाऱ्या लढवय्यांच्या, आखाड्यातून तो आणि त्याचे सत्तरएक साथीदार पळाले, त्यातून गुलामांचे बंड उभे राहिले आणि इ.स.पूर्व ७१ मध्ये क्रॅसस या रोमन सेनापतीच्या सैन्याशी लढताना तो पडला. त्याचे प्रेत कोणालाही सापडले नाही, असे ॲपियन हा इतिहासकार लिहितो. चित्रपटात त्याला क्रुसावर चढवले आहे. प्रत्यक्षात क्रुसावर गेले ते जिवंत पकडलेले ६,००० बंडखोर. कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर त्यांना टांगण्यात आले. हे अंतर साधारण २०० किलोमीटर, म्हणजे सांगली ते पुणे या अंतरापेक्षा थोडेसे कमी. भागाकार करून पाहिला तर तेहतीस-चौतीस मीटरांवर एक माणूस येतो. विजेच्या दोन खांबांत एवढे तरी अंतर असते.

‘मीच स्पार्टाकस’ या उद्गाराचा उगम १९५० च्या दशकातील अमेरिकेत शोधावा लागतो. त्या काळात साम्यवादी असल्याच्या संशयावरून चौकशी समित्या लोकांना बोलावून घेत आणि आपल्या मित्रांची नावे सांगण्याचा आग्रह धरत. मूळ कादंबरीचे लेखक हॉवर्ड फास्ट आणि पटकथाकार डाल्टन ट्रम्बो या दोघांनीही समित्यांशी असहकार केल्याबद्दल तुरुंगवास भोगला होता, आणि ट्रम्बो यांना पुढे कित्येक वर्षे टोपणनावाने लिहावे लागले होते. निर्माते व नायक कर्क डग्लस यांनी श्रेयनामावलीत त्यांचे खरे नाव झळकवले. हे ठाऊक असले की नाव सांगण्यास नकार देणारे ते शेकडो कैदी कोणाच्या वतीने बोलत आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

राहिला ध्येयाचा प्रश्न. लूट सर्वांत सारखी वाटली जाई आणि व्यापाऱ्यांना सोने-चांदी छावणीत आणू दिले जात नसे, असे ॲपियन सांगतो. एकदा हे सैन्य उत्तर इटलीपर्यंत पोहोचले होते, आल्प्स ओलांडून घरी जाण्याची वाट मोकळी झाली होती, तरीही ते दक्षिणेकडे वळले. ते का वळले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. गुलामगिरीची पद्धतच मोडून काढावी, असे तो म्हणाल्याचा उल्लेख मात्र कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही. प्रतिसरकारशी तुलना मला पटत नाही ती याच ठिकाणी. १९४३ पासून आपल्या या गावांत ज्यांनी न्यायनिवाडे केले आणि इंग्रज सरकारशी झुंज दिली, त्यांनी आपले म्हणणे स्वतः सांगितले, काहींनी लिहूनही ठेवले. स्पार्टाकसच्या बाजूच्या एकाही माणसाचा एकही शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही. जे आले ते सारे मालकांच्या जगात वावरणाऱ्यांनी लिहिलेले, आणि त्यातले सविस्तर वृत्तान्त तर पावणेदोनशे-दोनशे वर्षांनंतरचे. ती कोरी जागा चित्रपटाने आपल्या काळाच्या शाईने भरली. त्याबद्दल मी चित्रपटाला दोष देणार नाही. ती जागा कोरी होती याचा विसर पडतो, एवढीच माझी तक्रार आहे.

आपल्या लेखात लिहिले आहे की, बंडखोर द्राक्षवेलीच्या शिड्या करून डोंगराच्या कड्यावरून उतरले. माझी तीन एकर बाग आहे. खरड छाटणीत निघालेल्या काड्या मी मुद्दाम पिळून पाहिल्या. त्या पेरावर कडाकड मोडतात. हे कसे शक्य आहे?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

एवढे कष्ट घेऊन लेख तपासणारा वाचक मिळाला, याचा आनंद वाटला. आपला प्रयोग बरोबर आहे. फरक वेलीत आहे. आपल्या बागेतली काडी एका हंगामाची असते, कारण आपण ती दर वर्षी छाटता. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने वर्णन केलेल्या वेली रानटी होत्या. त्यांना कात्री कधी लागलेली नव्हती आणि त्या डोंगरमाथ्यावर हव्या तशा पसरल्या होत्या. अशा वेलीचे वर्षानुवर्षे वाढलेले ओले अंग चिवट असते आणि त्याला पीळही बसतो. आपल्या बागेतला एखादा जुना ओलांडा हिरवा असताना वाकवून पाहिलात तर फरक हाताला कळेल. (चांगल्या वेलीचा पाहू नये, ही विनंती.)

तो डोंगर म्हणजे इटलीतील व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी. वर जाण्याची एकमेव अरुंद वाट ग्लॅबर या रोमन सेनानीने ३,००० माणसांनिशी रोखून धरली होती आणि उरलेल्या बाजूंना तुटलेले कडे होते. बंडखोर एकेक करून शिडीने उतरले. एक जण तेवढा वर थांबला; त्याने सर्वांची शस्त्रे खाली सोडली आणि मग तोही उतरला. त्यांनी वळसा घालून रोमनांना मागून गाठले आणि छावणी काबीज केली. सर्वांत शेवटी उतरणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणी नोंदवलेले नाही.

‘बेन-हर’मध्ये युद्धनौकेच्या तळाशी साखळदंडांनी बांधलेले गुलाम ढोलाच्या तालावर वल्ही मारतात. हे खरे आहे काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

रोमपुरते खोटे आहे. रोमन आरमारात वल्ही मारणारे सर्वसाधारणपणे स्वतंत्र आणि पगारी असत. आणीबाणीत गुलाम घेतल्याची उदाहरणे आहेत, पण ऑक्टेव्हियनने (पुढचा सम्राट ऑगस्टस) आपला प्रतिस्पर्धी सेक्स्टस पाँपी याच्याशी लढण्यासाठी २०,००० गुलाम वल्ह्यांवर बसवले तेव्हा त्यांना आधी मुक्त केले होते. कारण व्यवहारी आहे. शेकडो वल्ही एका तालात चालवणे हे शिकून येणारे काम आहे, आणि ऐन लढाईत ज्यांच्या हाती जहाजाची गती असते, त्यांनी मनातून शत्रूची वाट पाहणे परवडत नाही. साखळदंडांतले वल्हेकरी भूमध्य समुद्रात खरोखर होते, पण ते सोळाव्या-सतराव्या शतकात. चित्रपटाने ते दीड हजार वर्षे मागे नेऊन बसवले आहेत.

तिन्ही चित्रपट मुलांबरोबर पाहिले. मेजवान्या दिसतात, फळांची ताटे दिसतात. पण या लोकांचे दळण कोण दळत होते, भाकरी कोण भाजत होते, हे कुठेच दिसत नाही. की माझ्याच नजरेतून सुटले?
— गृहिणी, सातारा

आपल्या नजरेतून काहीही सुटलेले नाही. आलेल्या पत्रांत मला हेच पत्र सर्वांत मोलाचे वाटले. बहुतेक रोमन गुलामांनी आखाड्यात कधी पाऊल ठेवले नाही. ते शेतात, खाणीत, स्वयंपाकघरात आणि गिरणीत राबत होते. ‘स्पार्टाकस’मध्ये निदान एक गोष्ट बरोबर साधली आहे: बंडाची ठिणगी रसोड्याच्या आसपास पडते. प्लुटार्कही सांगतो की, पळालेल्यांच्या हातात पहिली शस्त्रे होती ती मांस तोडण्याचे सुरे आणि भाजण्याच्या सळया. पुढे वाटेत ग्लॅडिएटरांची शस्त्रे घेऊन चाललेल्या गाड्या सापडल्या, तेव्हा कुठे त्यांच्या हाती तलवारी आल्या.

आता दळणाविषयी. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात सापडलेली जाती काळ्या ज्वालामुखी दगडाची असून पुरुषाच्या छातीपर्यंत उंच आहेत. खाली शंकू, वर डमरूसारखा पोकळ दगड, त्याच्या कमरेला लाकडी दांडा. तो दांडा गाढव किंवा माणूस गोल फिरून ओढत असे. आपल्या जात्याला खुंटा असतो आणि बाई बसून ओवी म्हणते; इथे बसण्याची सोय नव्हती. २०२३ साली तिथल्या उत्खननात एक बेकरी उजेडात आली. तिच्या लहान खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेरच्या रस्त्यावर उघडणारे दार नव्हते, आणि जात्याभोवती फिरणाऱ्या जनावरांची पावले नेमकी पडावीत म्हणून फरशीत खाचा केलेल्या होत्या. दुसऱ्या शतकातील अपुलेयस या लेखकाने अशाच एका गिरणीतील माणसे रंगवली आहेत: पाठीवर वळ, कपाळावर डाग, अर्धे भादरलेले डोके, पायात कडी आणि सर्वांगावर पिठाची पांढरी धूळ. हे वर्णन कादंबरीतले आहे, पण लेखकाने ते हवेतून काढलेले दिसत नाही.

शेतावरच्या गुलामांविषयी थोरला केटो या रोमन मुत्सद्द्याचा दाखला पुरेसा आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिताना त्याने शेतमालकाला विकायच्या वस्तूंची यादीच दिली: म्हातारे बैल, जुनी गाडी, जुनी अवजारे, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम. एका दमात, एका वाक्यात. त्यावर प्लुटार्कने पुढे लिहिले की, ज्याने माझ्यासाठी राबून म्हातारपण गाठले तो बैलसुद्धा मी विकणार नाही. बेंदराला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या आपल्या भागात या दोघांपैकी कोणाचे म्हणणे आधी पटेल, हे मी सांगायला नको.

चित्रपटाला साजेसा आणखी एक प्रसंग सांगतो, जो माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही चित्रपटात आलेला नाही. इ.स. ६१ मध्ये पेडॅनियस सेकुंडस या रोमच्या नगरप्रमुखाचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. अशा वेळी त्या छपराखालच्या सर्व गुलामांना ठार मारावे, अशी जुनी रीत होती. घरात ४०० गुलाम होते, बायका-मुले धरून. शिक्षेची बातमी फुटताच रोममधील सामान्य लोक दगड आणि पलिते घेऊन रस्त्यावर उतरले. पण सिनेटने रीत पाळली आणि सम्राट नीरोने वधस्थानाच्या वाटेवर दुतर्फा सैनिक उभे करून शिक्षा पार पाडली. पडद्यावरचा रोमन जमाव नेहमी रक्तासाठी ओरडताना दिसतो. त्या दिवशीचा जमाव उलट बाजूने ओरडत होता.

आमच्या तालुक्यातील कटगुण हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव आहे, म्हणून विचारतो. आपल्या लेखात काही ठिकाणी ‘दास’ आणि काही ठिकाणी ‘गुलाम’ असे छापले आहे. योग्य शब्द कोणता?
— वाचक, खटाव तालुका

‘गुलाम’ योग्य, ‘दास’ ही आमची चूक. सज्जनगडाच्या मुलखात ‘दास’ म्हटले की कानाला भक्ती ऐकू येते, आणि रोमन खाणीतल्या माणसाला ती चिकटवणे बरे नव्हे. फुले यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला ‘गुलामगिरी’ हेच नाव दिले आणि निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले. शब्दाविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. अरबीत ‘गुलाम’चा मूळ अर्थ मुलगा. रोमन लोकही गुलामाला, तो कितीही वयाचा असो, ‘पुएर’ म्हणजे मुलगा म्हणत. मार्कसच्या मालकीच्या गुलामाचे नावच ‘मार्किपोर’ पडे. चहाच्या दुकानात पन्नाशीच्या माणसाला ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारणारे गिऱ्हाईक मी स्वतः पाहिले आहे. आणि गुलामांची खरेदी-विक्री दूरदेशीच होत होती असेही नाही. पेशवेकालीन कागदांत कुणबिणी विकत घेतल्याचे उल्लेख आहेत.

मेणवलीच्या घाटावर चित्रीकरण चालू असताना मी दोन दिवस गर्दीत उभा होतो. चाळीस जणांची गर्दी चारशेंची कशी दिसते ते तेव्हा कळले. ‘स्पार्टाकस’मधली सैन्ये खरी होती काय?
— वाचक, वाई

बव्हंशी खरी होती. मोठ्या लढाईचे चित्रीकरण स्पेनमध्ये झाले आणि रोमन सैनिक म्हणून स्पेनच्या सैन्यातील सुमारे ८,००० जवान उभे केले गेले. म्हणूनच त्या तुकड्या इतक्या शिस्तीत सरकताना दिसतात. कवायत त्यांच्या अंगातच होती. जमावाचा आवाज मात्र अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात, प्रेक्षकांकडून ओरडून घेऊन ध्वनिमुद्रित केला होता. पुन्हा पाहाल तेव्हा उच्चारांकडेही लक्ष द्यावे: रोमन मालकांच्या प्रमुख भूमिका ब्रिटिश नटांकडे आहेत, तर मुख्य बंडखोर अमेरिकी उच्चारात बोलतात.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ग्लॅडिएटरवर नाटुकले आहे. सम्राटाने मारायचे असेल तर अंगठा खाली करायचा की वर?
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, मिरज

चित्रपटांत खाली करतात, आणि ही सवय बरीचशी जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ मधील एका चित्रामुळे रुजली. जुन्या लॅटिन लेखनात अंगठा ‘वळवून’ मारण्याची खूण करत, एवढेच म्हटले आहे. तो कोणत्या बाजूला वळवत, ते लिहिलेले नाही. तेव्हा दिशा तुमच्या दिग्दर्शकाने ठरवावी. फक्त सम्राटाचा अंगठा आणि प्रेक्षक झालेल्या मुलांचे अंगठे एकाच बाजूला जातील, एवढी तालीम आधी करून घ्यावी.