फोमच्या टार्गेटला भोक

प्रश्न : मुलगी धनुर्विद्या शिकते. अंगणातल्या फोमच्या टार्गेटला मधोमध भोक पडून बाण आरपार जातात. घरी दुरुस्त होईल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : होईल, ताई. टार्गेट थरांचं असेल तर पट्टे सैल करा, मधले थर कडेला आणि कडेचे मध्ये घालून पुन्हा करकचून आवळा. खर्च शून्य. अखंड ठोकळा असेल तर भुसभुशीत भाग सुरीने कापा आणि हार्डवेअरच्या दुकानातला पीयू फोम (डब्यातून फवारायचा, फटी बुजवायचा पॉलियुरेथेनचा फेस) भरा. तो फुगतो, म्हणून भोक अर्धंच भरायचं. हातमोजे हवेतच, कातडीला चिकटला की सुटत नाही. हा फोम हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणजे आपली दमट हवा एकदाची कामी आली! उन्हात मात्र पिवळा पडून त्याचा भुगा होतो. वरून रंग मारा.