नदीचा वाटा आधी काढावा का?

प्रश्न : आमची शेती दौंड तालुक्यात खडकवासला कालव्याच्या टेलकडील, म्हणजे शेवटच्या टोकाकडील, चारीवर (शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर) आहे; मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. उन्हाळी आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) आमच्यापर्यंत येईतो पाण्याची धार बारीक होते आणि वरच्या अंगाला मात्र ऊस उभा दिसतो. अशा स्थितीत नदीसाठीही पाणी राखून ठेवा, असे म्हणणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे नाही का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : आपली तक्रार खरी आहे, मात्र तिचे मूळ नदीच्या वाट्यात नसून कालव्यावर पाणी मोजून न दिले जाण्यात आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे भरली तरी साठा सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) होतो, आणि त्यातूनच पुणे शहराची तहान व हवेली, दौंड, इंदापूर तालुक्यांचे सिंचन भागवायचे असते. 15 ऑक्टोबरचा साठा पाहून कालवा सल्लागार समितीत आवर्तने ठरतात, तेव्हा शहर आणि शेती यांची ओढाताण होते. नदीची बाजू मांडणारे तेथे कोणी नसते.

पावसाळा सरला की खडकवासल्याखालच्या मुठेत धरणाचे पाणी जवळजवळ येत नाही. शहरातून वाहताना दिसते ते मुख्यतः सांडपाणी असते, आणि तेच मुळा-मुठेतून भीमेला मिळून उजनी धरणात जाते. आपल्याच तालुक्यातील नदीकाठचे शेतकरी ते उपसून पिकांना देतात. म्हणजे नदीचा वाटा कापला, तर त्याची झळ पुन्हा खालच्या माणसालाच बसते. शिवाय पाणी किती सोडले याइतकेच ते केव्हा सोडले यालाही महत्त्व आहे. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडी घालतात, आणि धरण भरेपर्यंत दरवाजे बंदच राहिले तर खालच्या पात्रात त्यांना ही चढण मिळत नाही. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने 2018 साली हंगामानुसार किमान प्रवाह ठरवून दिला : नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के आणि जून ते सप्टेंबर 30 टक्के. भीमेच्या खोऱ्यातही असा आकडा वाटपाच्या आधीच बाजूला काढला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे पाणी आणायचे कोठून? शहराला दिलेल्या पाण्यापैकी बराच मोठा भाग सांडपाणी म्हणून परत येतो. ते नीट शुद्ध करून शेतीला दिले, तर तेवढे धरणाचे पाणी मोकळे होते. मुंढव्याच्या जॅकवेलमागे (नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीमागे) हाच विचार आहे. तेथून उचललेल्या पाण्याची प्रत मात्र शेतकऱ्याला खात्रीची वाटली पाहिजे.

आता शेतकऱ्या-शेतकऱ्यांतील न्याय. सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्यानुसार शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला घनमापनाने (पाण्याचे आकारमान मोजून) कोटा मिळतो आणि तिच्या संचालक मंडळात हेड (सुरुवातीचा भाग), मध्य व टेल या तिन्ही भागांना जागा असतात. तरीही चारीच्या तोंडाशी मोजपट्टी नसेल, तर कोटा कागदावरच राहतो. पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यावरून प्रवाह काढायचा आणि चारी किती तास चालली त्याने गुणायचे : काम एवढेच आहे, पण ते रात्रीच्या पाळीतही व्हावे लागते, कारण पाणी फुटते ते बहुधा रात्री. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले, भूमिहीनांनाही वाटा ठेवला आणि ऊस वर्ज्य केला. हा नियम कठोर आहे, पण टंचाईच्या प्रदेशात मला याहून न्याय्य नियम दिसत नाही.

रब्बीचे आवर्तन सुटण्यापूर्वी आपण संस्थेकडे गेल्या हंगामातील नोंदींची वही मागावी. वही नसेल, तर टेलच्या सभासदांच्या सह्या घेऊन सर्वसाधारण सभेत मोजपट्टी बसवण्याचा ठराव मांडावा. आपल्या चारीवर संस्थाच नसेल, तर तोच अर्ज सिंचन शाखेच्या कार्यालयात द्यावा व त्याची पोच घ्यावी.