विदर्भातल्या खेड्यात राहून स्पेशालिटी चहाचा व्यवसाय जमतो का? अनुभव कसा आहे?

जमतो, पण गावात विकून नाही. माझं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. बिनदुधाचा दार्जिलिंग पाजला तर शेजारचे आबाजी म्हणाले, "बाप्पा, याच्यापेक्षा गरम पाणीच दे ना!" म्हणून गावात दाणेदार सीटीसी, म्हणजे दुधात उकळायचा रोजचा चहा विकतो, घर त्यावर चालतं. स्पेशालिटी, म्हणजे निवडक बागांचा पानांचा चहा पार्सलने पुण्या-मुंबईला जातो.

शिकलो ते नागपूरला, इतवारीतल्या एका चहा व्यापाऱ्याकडे नोकरी करताना. चव घेण्याची पद्धत ठरलेली: 100 मिली उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, झाकून 6 मिनिटं, मग चमच्याने सुर्रकन ओढायचा. चारचौघांत लाज वाटेल असा आवाज होतो, पण त्याशिवाय वास नाकापर्यंत पोचत नाही. धंदा या जिभेवर उभा आहे. डबे, लोगो, वेबसाइट हे सगळं नंतरचं. त्याचेच कोर्स फार निघालेत, ते सोडा.

आमच्याकडे खरी भानगड पाण्याची. बोअरच्या पाण्यात चहा काळपट उतरतो आणि निवला की वर तवंग धरतो. फर्स्ट फ्लश दार्जिलिंग, म्हणजे मार्च-एप्रिलची पहिली खुडणी, त्यात पार मरतो. कडक आसाम तरी तग धरतो. धरणाच्या नळाचं पाणी बरं. आरओच्या कॅनमध्ये रंग लख्ख येतो. म्हणून प्रत्येक नमुना तिन्ही पाण्यांत करून बघतो आणि नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारतो, घरी पाणी कोणतं? खाऱ्या पाण्याने आम्हाला एवढं तरी दिलं!

साठवण सांभाळा. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, पत्र्याच्या खोलीत सुगंध टिकत नाही. पावसाळ्यात पत्ती सादळते. माझा माल जुन्या मातीच्या घरात, हवाबंद डब्यांत असतो, तिखट-मसाल्यांपासून लांब, कारण चहा कुठलाही वास ओढून घेतो.

'दार्जिलिंग' नावाला 2004 पासून जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव फक्त तिथल्याच चहाला) आहे, तरी त्या नावाखाली भलताच माल खपवणारे भेटतील. बागेचं नाव, खुडणीचा हंगाम आणि पक्कं बिल मागा. दोन-चार नमुने मागवल्याशिवाय पोतं उचलू नका. सुरुवात आसामच्या ऑर्थोडॉक्सने, म्हणजे दाणेदार न करता पानं वळून केलेल्या चहाने करा; गिऱ्हाइकाने दूध ओतलं तरी तो चहाच लागतो.