जर्मनीत दंतपॉलिमरांवर संशोधन करायला निघालेल्या रत्नागिरीकराला उत्तर

सप्रेम नमस्कार,

लोटे येथील कारखान्यात रेझिनवर काम करत असताना तुम्हाला जर्मनीतील एका विद्यापीठात जिवाणूरोधक दंतपॉलिमरांवर, म्हणजे दातांच्या उपचारात वापरायच्या प्लास्टिकसारख्या पदार्थांवर, पीएच.डी. करण्याची संधी आली आहे, पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा सोबत येणार आहेत, आणि जावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, विमा, पगार यांची माहिती अधिकृत ठिकाणी मिळते, त्यामुळे ती येथे देत नाही. मी मूळचा गुहागर तालुक्यातला आणि बरीच वर्षे याच विषयात जर्मनीत काम करतो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्याच मनाला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कामाविषयी. दात भरण्याच्या कॉम्पोझिटमधले, म्हणजे रेझिन आणि बारीक भुकटी यांच्या मिश्रणातले, बिस-जीएमए हे रेझिन रॅफेल बोवेन यांच्या नावे १९६२ साली पेटंट झाले आणि आजही वापरात आहे. पण भरलेला भाग आणि दात यांच्या सांध्याशी पुन्हा कीड लागणे हे त्याचे जुने दुखणे आहे. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक किंवा चांदी मिसळली, तर ती झिरपून जिवाणू मारते खरी, पण साठा संपला की परिणामही संपतो. म्हणून ओसाका विद्यापीठात सातोशी इमाझातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात एमडीपीबी नावाचा मोनोमर (पॉलिमरच्या साखळीतला सुटा रेणू) तयार केला, जो रेझिनच्या जाळ्यातच रासायनिक बंधाने अडकून राहतो. त्याचा धनभार जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला खेचून घेतो आणि ते आवरण फाटते. तो घातलेला बाँडिंगचा, म्हणजे कॉम्पोझिट दाताला चिकटवण्याचा, पदार्थ बाजारातही आला.

तत्त्व सुरेख आहे, पण तोंडात लाळ असते. दातावर किंवा कॉम्पोझिटवर लाळेतील प्रथिनांचा पातळ थर काही मिनिटांत बसतो आणि तो धनभार झाकला जातो. त्यावर मेलेल्या जिवाणूंचा थर साचला की वरचे जिवाणू सुखाने वाढतात. प्रयोगशाळेत कॉम्पोझिटची लहान चकती कोरडी, स्वच्छ ठेवून तिच्यावर स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा दात किडवणारा जिवाणू वाढवला आणि मेलेले-जिवंत ओळखणारे रंग घातले, तर सूक्ष्मदर्शकाखाली मेलेले लाल ठिपके भरभरून दिसतात. तीच चकती आधी लाळेत भिजवली, तर जिवंत हिरवे ठिपके परत येतात, आणि कित्येक शोधनिबंध नेमकी हीच पायरी गाळतात. तुमच्या भावी मार्गदर्शकांना पत्रातून स्पष्ट विचारा की नमुने लाळेत भिजवून तपासतात का, आणि पाण्यात सहा महिने ठेवून, ५ आणि ५५ अंश तापमानाचे फेरे देऊन त्यांची ताकदही मोजतात का. जिवाणूनाशक मोनोमर वाढवला की पाणी शोषले जाते आणि मजबुती घटते, हा झगडा प्रामाणिकपणे मांडणाऱ्या गटातच जावे, असे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रांबाबत एकच सांगतो, कारण त्याचा राग अजून शमलेला नाही. माझ्या मुलीच्या ग्रामपंचायतीतील जन्मनोंदीत तिच्या आईचे नाव माहेरचे होते आणि पासपोर्टवर सासरचे. येथील एका कार्यालयाने दोन्ही स्त्रिया एकच आहेत, याचा पुरावा मागितला, अधिकृत अनुवाद दोनदा फेटाळला, आणि त्या गोंधळात मुलीचे शाळेतले पहिले काही महिने गेले. निघण्यापूर्वी मुलाच्या आणि दोघांच्या कागदांवरील प्रत्येक अक्षर जुळते का, ते तहसीलपर्यंत जाऊन पाहून घ्या.

हे महिने महत्त्वाचे का, ते सांगतो. जर्मनीतील बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल साधारण दहा वर्षांचे असताना, ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार की दुसऱ्या, हे ठरते. माझी मुलगी गणितात वर्गात पुढे होती. पण तिचे जर्मन कच्चे आहे, एवढ्यावर शिक्षिकेने खालच्या शाखेची शिफारस केली. नंतर ती जिद्दीने वर आली, तरी त्या संध्याकाळी तिने मला, ‘बाबा, मी मठ्ठ आहे का?’ असे विचारले होते, आणि ते मला आजही सलते. आमच्या दात भरण्याच्या पदार्थांच्या चाचण्यांचा काळ आणि मुलाच्या शाळेचा काळ एकमेकांसाठी थांबत नाहीत. स्वतंत्रपणे औषध ठरेल असा पदार्थ वैद्यकीय उपकरणात (दात भरण्याचे पदार्थही त्यातच मोडतात) असेल, तर मे २०२१ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमांनुसार ते सर्वांत कडक वर्गात जाते, आणि मग प्रयोगशाळेतून रुग्णाच्या तोंडापर्यंत पोहोचण्यात वर्षे जातात.

एकटेपणाचे फार मनावर घेऊ नका. पहिला हिवाळा जड जातो, मग कामात दिवस जातात.

मात्र एक गोष्ट मी घरच्यांशीही नीट बोललेलो नाही. माझ्या आईला कवळी आहे. कवळीच्या ॲक्रिलिक प्लास्टिकची टाळूकडची बाजू खडबडीत असते, तिच्यावर कँडिडा ही बुरशी चिकटते आणि टाळू लाल होऊन चुरचुरते. मी दिवसभर त्याच ॲक्रिलिकवर बुरशी धरू नये म्हणून प्रयोग करतो, आणि आई फोनवर सांगते की मासे तिखट लागतात, म्हणून हल्ली नुसती पेज खाते. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, पाण्यात ठेवायची, हे मी फोनवर सांगतो. तिच्या हातून ते नीट होते का, हे पाहायला तिथे कोणी नाही. जी मलमे आणि गोळ्या दंतवैद्य देतात, त्यांनी बरे वाटते, पण कवळी तशीच राहिली तर त्रास परत येतो.

म्हणून परतीचा विचार निघतानाच करा. कोळंबीच्या टरफलांपासून होणारे कायटोसान हे धनभारित, जिवाणूरोधक पॉलिमर आहे आणि जखमेच्या पट्ट्यांत ते वापरले जाते. रत्नागिरीतील मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदराजवळ ती टरफले मुबलक आहेत. शक्य असेल तर प्रबंधाचा एक भाग त्यावर ठेवा, म्हणजे शिकलेले कोकणात वापरता येईल.

आणि जायचे ठरलेच, तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. मुलगा आत्ता सात वर्षांचा आहे, म्हणजे त्या चौथीच्या निर्णयाआधी त्याला जर्मन पक्के करायला पुरेसा वेळ मिळेल.